ढिगावरचं हिरवं कसं मोजायचं

परवा रात्री जेवण झाल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, एक काम मिळालंय. गावाबाहेरच्या बंद दगडखाणीवर झाडं लावायची, तीन वर्षं सांभाळायची आणि शेवटी रिपोर्ट द्यायचा की काम यशस्वी झालं म्हणून. तुम्ही चांद्याला कोळशाच्या खाणीवर हेच करत होता की ओ, मग यशस्वी झालं म्हणजे नेमकं काय दाखवायचं असतंय?" उद्या सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला, पण नंतर झोप काही लागेना. ह्याच प्रश्नाच्या मागं मी चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, सहा वर्षं काढली आहेत, आणि त्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही. म्हणून इथं सविस्तर लिहितोय, त्यालाही लिंक पाठवणार आहे.

आपल्या सोलापूरला कोळशाची खाण नाही. आपल्याकडं कोळसा येतो तो जळायला. फताटेवाडीला एनटीपीसीचे ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, त्यांच्यासाठी वॅगनी भरून येतो आणि आपण फाटकावर गाडी बंद करून डबे मोजत बसतो. तो कोळसा जिथून निघतो तिथं मागं काय उरतं ते आपल्या डोळ्यांसमोर कधी येत नाही. मी सोलापूरहून सिकंदराबाद, काझीपेट असं फिरून बल्लारशाला पहिल्यांदा उतरलो तेव्हा लांबवर सपाट माथ्याचे डोंगर दिसले आणि मला ते खरेच डोंगर वाटले. ते खाणीचे ढीग होते. तिथं सगळे त्याला ओबी म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशाच्या वरचा सगळा माल.

हा माल काय असतो ते कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. सगळ्यात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग वाळूचा दगड, मग शेल म्हणजे पापुद्र्यापापुद्र्याचा काळपट दगड, आणि मग कोळसा. खाण खोदताना हे वरून खाली निघत जातं आणि डंपर ते एकावर एक ओततो, त्यामुळं ढिगात सगळं उलटं होतं, वरची जिवंत माती तळाला जाऊन गाडली जाते आणि कोट्यवधी वर्षांत ऊन न बघितलेला दगड माथ्यावर येतो. म्हणून वरची माती आधी वेगळी काढून ठेवायची आणि शेवटी ढिगावर पसरायची असा नियम आहे. पण ती मातीसुद्धा उंच ढीग करून वर्षानुवर्षं ठेवली तर आतून मरते, तिच्यातलं बी कुजतं, मुळांना साथ देणारी बुरशी जाते, आणि शेवटी पसरतो ती नुसती मातीच्या रंगाची भुकटी असते. मी पहिल्या पावसात ढिगावर मूठभर उचलून वास घेतला होता. आपल्याकडं वळीव पडला की सगळ्या गावाला जो वास येतो तो तिथं नव्हता. हातात नखाएवढे शेलचे तुकडे, थोडी राखाडी धूळ, बास.

अशा जागेवर झाडं लावतात आणि मग विचारतात, यशस्वी झालं का.

आपल्याकडची सवयीची पद्धत म्हणजे जगलेली झाडं मोजायची. हेक्टरी एवढी लावली, एवढी जगली, टक्का काढला. मी पण पहिली दोन वर्षं हेच करत होतो, डोक्याला रुमाल बांधून ओळीनं चालायचं, हातात काउंटर, प्रत्येक खड्ड्यापाशी एक टिकटिक. ह्यात खोटं काही नसतं, झाड तिथं असतंच. पण दर पावसाळ्यात नांगे भरले जातात, म्हणजे मेलेल्या रोपाच्या जागी नवीन रोप लावतात, आणि तिसऱ्या वर्षी मोजलं की ओळी भरलेल्या दिसतात. त्यातली किती रोपं पहिल्या वर्षीची आणि किती गेल्या जुलैची हे आकड्यात कुठंच दिसत नाही. टँकरनं पाणी चालू असतं तोवर सगळं हिरवं. टँकर बंद झाल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात, चांद्याचा पारा ४६ च्या वर गेल्यावर काय राहतं ते बघायला सहसा कोणी जात नाही, कारण तोवर काम संपलेलं असतं, बिल निघालेलं असतं.

मला ह्यातून बाहेर काढलं ते एका गायकीनं. तिकडं गुराख्याला गायकी म्हणतात. म्हातारा माणूस, रोज ढिगाच्या पायथ्यानं ढोरं घेऊन जायचा. वर एवढं हिरवं असताना हा खाली धुळीतून का चालतो म्हणून एकदा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "वर काय हाय जी? ढोरं चढतच नाही त्याच्यावर." मी त्या दिवशी माझ्या कागदावर त्या ढिगाला चांगला शेरा दिला होता. संध्याकाळी परत वर गेलो आणि पहिल्यांदा झाडांकडं न बघता खाली बघत चाललो.

ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड होती ती, सात वर्षांची, दोन पुरुष उंच, सरळ रांगा. खाली कोयत्यासारखी वाकडी वाळलेली पानं बोटभर साचली होती. ही पानं चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. हातानं बाजूला केली तर खाली सात वर्षांपूर्वीचा शेल तसाच, टोकदार, कोरा. गवताचं एक पातं नाही, दुसऱ्या झाडाचं एक रोप नाही, त्या बाभळीचं स्वतःचंसुद्धा पिल्लू नाही. तिथून अर्ध्या किलोमीटरवर दुसरा एक पट्टा होता, तिथं काढलेली माती लगेच आणून पसरली होती आणि गवताचं बी फेकलं होतं. दुरून तो पट्टा गरीब दिसायचा, झाडं कमी, उंची कमी, फोटोत काही दम नाही. पण खाली बसून बघितलं तर गवताच्या बुडाशी पानांचा काळा चुरा मातीत मिसळायला लागला होता, मुंग्यांची वारुळं होती, आणि कोणी न लावलेली पळसाची चार रोपं उगवली होती, तळहाताएवढी. पळसाची शेंग वाऱ्यानं उडत येते. ती पडली, तिला ओल मिळाली, तिनं मूळ धरलं आणि उन्हाळा काढला. माझ्या लेखी त्या चार रोपांचं वजन वरच्या सगळ्या रांगांपेक्षा जास्त आहे, आणि तेव्हाच्या फॉर्ममध्ये त्यांना लिहायला रकानाच नव्हता.

मग मी जगात दुसरीकडं हे कसं मोजतात ते वाचायला लागलो. अमेरिकेत १९७७ सालचा कायदा आहे, खास वरून खोदायच्या कोळसा खाणींसाठी. कंपनीला आधी हमीची रक्कम ठेवावी लागते आणि जमीन नीट झाल्याचं सिद्ध केलं की ती टप्प्यानं सुटते. वनस्पतींसाठी नियम असा की आधी एक कसोटी ठरवायची, बहुतेक वेळा शेजारची न खोदलेली जमीन, आणि आपल्या जमिनीवरचं आच्छादन तिच्या निदान ९० टक्के भरलं पाहिजे, तेही ९० टक्के सांख्यिकी खात्रीनं, म्हणजे दोन चांगल्या जागा निवडून तिथं चौकटी टाकल्या आणि आतलं मोजलं असं चालत नाही. झाडाझुडपांचा नियम तर मला फार आवडला. मोजणीत धरलेल्या झाडांपैकी ८० टक्के तरी जबाबदारीच्या मुदतीच्या, म्हणजे जमीन कंपनीच्या जबाबदारीवर असते त्या वर्षांच्या, ६० टक्के काळ त्याच जागेवर उभी असली पाहिजेत. आपल्या नांग्यांच्या प्रश्नावर ह्यापेक्षा सरळ उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आणि ही जबाबदारीची मुदत कधी सुरू होते, तर शेवटचं जादा बी टाकणं, खत देणं, पाणी देणं ज्या वर्षी थांबलं त्या वर्षानंतर. परत टँकर लावला की घड्याळ परत शून्यावर. पाऊस वर्षाला २६ इंचांपेक्षा जास्त असेल तर पाच वर्षं, त्यापेक्षा कमी असेल तर दहा. २६ इंच म्हणजे साधारण ६६० मिलिमीटर. चांद्याला बाराशेच्या आसपास पडतो, म्हणजे त्या हिशोबानं पाच वर्षं. सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे आपल्याला दहा. भाच्याला तीन वर्षांचं काम दिलंय, आणि ती तिन्ही वर्षं पाणी घालायची आहेत.

पण कायदा कडक असला म्हणजे सगळं नीट होतं असंही नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याच अमेरिकेत अ‍ॅपलाचियाच्या डोंगरात आधी घनदाट पानगळीचं जंगल होतं. कायदा आल्यावर ढीग घसरू नयेत म्हणून कंपन्यांनी यंत्रं फिरवून जमीन दाबून घट्ट केली आणि आच्छादनाचा आकडा पटकन भरावा म्हणून भराभर वाढणारं परदेशी गवत पेरलं. आकडा भरला, हमी सुटली. आणि त्या घट्ट जमिनीत झाडाचं मूळ जाईना, गेलं तर गवत त्याला वर येऊ देईना, वर्षानुवर्षं ते डोंगर गवताचेच राहिले. शेवटी २००४ मध्ये तिथं वेगळा उपक्रम सुरू झाला, वरची निदान चार फूट माती सैल ठेवा, कमी दाटीचं गवत पेरा आणि तिथलीच जंगली झाडं लावा म्हणून. लोकांनी कायदा मोडला नव्हता, जे मोजलं जात होतं तेच त्यांनी पिकवलं होतं.

आपल्याकडं उलटं झालंय. तिथं झाडं पाहिजे होती तर गवत वाढवलं, इथं गवत पाहिजे तिथं झाडं लावतो. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचंच बघा की. माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं, माळढोकाला उघडा माळ लागतो, लांबवर दिसणारं गवत लागतं, आणि त्याच माळावर वनीकरण म्हणून ग्लिरिसिडियाच्या ओळी लावल्या गेल्या. कोणी वाईट हेतूनं केलं नाही, तेव्हा सगळ्या देशात माळ म्हणजे पडीक आणि झाड म्हणजे विकास असंच धरत होते. लहानपणी आम्ही वडिलांबरोबर त्या बाजूला जायचो तेव्हा गवत वाऱ्यानं एका अंगाला झुकायचं ते अजून डोळ्यांसमोर आहे. आता माळढोक दिसणं म्हणजे बातमी होते.

भारतातल्या कोळशाच्या खाणींना २००९ पासून खाण बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. तेव्हा उघड्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख असा दर धरून पैसे बँकेत वेगळे ठेवायचे ठरलं, पुढं तो दर वाढला. रांचीची सीएमपीडीआय ही संस्था उपग्रहाचे फोटो वापरून कुठं खोदकाम चालू आहे, कुठं भराव झाला, कुठं लागवड झाली ह्याचे नकाशे काढते, मोठ्या खाणींचे दरवर्षी आणि लहानांचे तीन वर्षांनी. हे काम चांगलं आहे, एवढा पसारा पायी फिरून कधी झाला नसता. फक्त आकाशातून हिरवं ते हिरवं दिसतं. चंद्रपूरच्या खाणींच्या ढिगांवर आणि वीज केंद्राच्या आसपास वेडी बाभूळ मातली आहे, आपल्याकडं ओढ्याकाठी दिसते तीच. तिथं लपायला जागा मिळते म्हणून वाघ येऊन राहतात. आता हे यश म्हणायचं का? मी ह्यावर बरीच वर्षं विचार केलाय. वाघ आला म्हणजे जंगल आलं असं मला वाटत नाही, त्याला आडोसा मिळाला एवढंच, त्याच्या खाण्याचं सगळं आसपासच्या गावांच्या गुरांवर येतं, आणि शेवटी त्या गायकीलाच जीव मुठीत धरून चालावं लागतं.

एक गोष्ट मात्र आनंदाची झाली. ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खाणकाम संपल्यावर खाणवाल्यानं त्या जागेवर पुन्हा गवत उगवून जमीन चारा, वनस्पती, प्राणी ह्यांच्यासाठी योग्य करून द्यायची, ही अट खाणपट्ट्यात घाला. सरन्यायाधीश होते शरद बोबडे, आपल्या नागपूरचे. त्या आदेशात गवत हा शब्द आला, चारा हा शब्द आला, हे मला फार मोठं वाटतं. ज्याची ढोरं उपाशी त्याचा विचार निदान कागदावर तरी आला.

आणि सोलापूरकरांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट. नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मॅंगनीज खाणीच्या ढिगावर कारखान्याचं प्रेसमड वापरून दाखवलं. ऊस गाळल्यावर रस गाळताना जो काळा चोथा उरतो तो, त्याच्याबरोबर मुळांवरची बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू. दगडाच्या भुकटीत सेंद्रिय कर्ब नसतो, तो असल्याशिवाय पाणी धरत नाही आणि जिवाणू टिकत नाहीत, प्रेसमडनं तीच उणीव भरली. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते मी सांगायला नको. दगडखाणीच्या तळाला टाकायला माल आपल्या दारात पडलाय.

तर आता भाच्याला काय सांगितलं ते. पहिलं म्हणजे लावायच्या आधी शेजारची न खोदलेली जागा बघून ठेव, तीच तुझी फूटपट्टी. झाडांची यादी नर्सरीत काय मिळतं त्यावरून करू नकोस, त्या जागेवरून कर. खाणीत एक तुकडा मुद्दाम रिकामा सोड, काहीच लावू नकोस, म्हणजे तीन वर्षांनी कळेल की तुझ्यामुळं काय झालं आणि आपोआप काय झालं असतं. बनारस विद्यापीठातल्या जे. एस. सिंग ह्यांच्या गटानं सिंगरौलीच्या कोळसा ढिगांवर असं आपोआप आलेलं हिरवं बघितलं आहे, वेगवेगळ्या वयाचे ढीग घेऊन. मीटरभराची चौकट कर, आणि ती कुठं टाकायची ते डोळ्यांनी निवडू नकोस, चिठ्ठ्या काढून ठरव, कारण आपला हात आपोआप चांगल्या जागी जातो, माझापण जायचा. चौकटीत काय लावलेलं आणि काय स्वतःहून आलेलं हे वेगवेगळं लिही. पहिल्या वर्षीच्या रोपांना पत्र्याची खूण बांध, नांग्यांना वेगळी. मुंग्या बघ, ऑस्ट्रेलियात खाणीची जमीन सुधारली का हे मुंग्यांच्या जातींवरून ओळखायची पद्धत चांगली रुजली आहे. उतारावर घळी पडल्यात का ते पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच जाऊन बघ, आठवड्यानं गेलास तर मजूर बुजवून ठेवतात.

आणि डबा. हे माझं सगळ्यात आवडतं साधन आहे. पाच लिटरचा तेलाचा डबा घ्यायचा, वरची-खालची दोन्ही तोंडं कापायची, चार बोटं जमिनीत ठोकायचा, वरून एक लिटर पाणी ओतायचं आणि मोबाईलवर वेळ लावायची. चांद्यात ढिगाच्या माथ्यावर, जिथून डंपर फिरले होते तिथं, मी डबा ठोकून शेजारी बसून शेंगाचटणी-भाकरी खाऊन संपवली तरी पाणी तसंच, वर आभाळ दिसत होतं त्यात. आणि त्या पळसवाल्या पट्ट्यावर भाकरीचा तुकडा मोडेपर्यंत पाणी आत. जमीन पाणी प्यायला लागली का, हे ह्याच्यापेक्षा सोप्या भाषेत मला कोणाला सांगता येणार नाही. पैसे लागत नाहीत, आणि सरपंचापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांना समजतं.

रविवारी सकाळी दोघं जाऊन आलो. गावाची नावनिशाणी देत नाही, मालकाला विचारलेलं नाही. खाण म्हणजे काळ्या पाषाणाचा चौकोनी खड्डा, एका कोपऱ्यात शेवाळी पाणी, तळाला क्रशरची बारीक कच घट्ट बसलेली. त्यानं यादी करून आणली होती, गुलमोहोर, करंज, निलगिरी, ओळीत खड्डे. मी काही न बोलता आधी त्याला वरच्या माळावर नेलं, जिथं खोदलेलं नाही. सप्टेंबरअखेर, कुसळं पँटला टोचत होती. चौकट टाकली आणि त्याला म्हटलं खाली बस. पवन्या, कुसळी, मारवेल, मधे एक छोटं तरवडाचं झुडूप, आणि दोन जाती मलाही ओळखता आल्या नाहीत, त्या वहीत दाबून आणल्यात. डबा ठोकला, पाणी मुरुमात झिरपून गेलं. मग खाली खाणीत येऊन डबा ठोकायला गेलो तर कचीत तो जाईचना, दगडानं ठोकून दोन बोटं गेला. पाणी ओतलं आणि वाट बघत बसलो.

तेवढ्यात तो म्हणाला, "मामा, हे काय ओ?" कातळाच्या भेगेत, जिथं वरून माती वाहून आली होती तिथं, हिवराची दोन रोपं. शेळ्यांनी शेंडा खाल्लेला, बुडापासून परत फुटलेली, बारीक काटे. शेळीच्याच लेंडीतून बी आलं असणार, शेंगा आवडीनं खातात त्या. त्यानं यादीचा कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूला तारीख घातली आणि लिहिलं, हिवर, दोन, न लावलेली. डब्यातलं पाणी अजून तसंच होतं.